तिसऱ्या मजल्यावरचा युरोप

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर युरोप आहे. लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताला तांबव्यांचं घर, उजव्या हाताला युरोप आणि मधोमध माझं दार. हे मी थट्टेने सांगत नाहीये. मागच्या आठवड्यात एका कुरियरवाल्याने खाली पत्ता विचारला, तर आमचा वॉचमन मोबाइलवरची नजरही न उचलता म्हणाला, "टीचरच्या शेजारी, युरोपात." टीचर म्हणजे मी. आता तिथे, युरोपात, एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. दोघंही हिंजवडीला कामाला. दूधवाला, इस्त्रीवाला आणि जिना झाडणारी बाई आपल्याला 'युरोपवाले' का म्हणतात हे त्यांना उमगेना, म्हणून परवा ती मुलगी माझ्याकडे चौकशीला आली. मी म्हटलं, बस, चहा टाकते, हे एका दमात सांगण्यासारखं नाही. सांगून झाल्यावर ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तिला वाटलं असावं. तेव्हा हे सगळं लिहून ठेवलेलं बरं.

तर गोष्ट विजया तांबवेची.

विजया एका मसाल्याच्या कंपनीत डिस्पॅच विभागात होती. कारखान्यातून माल बाहेर काढायचा, वेळेत आणि न फुटता, हे तिचं काम. आयुष्यभर तेच केल्यामुळे जगातल्या सगळ्या वस्तूंचे तिच्या लेखी दोनच प्रकार होते, निघालेल्या आणि पडून असलेल्या. पडून असलेलं तिला बघवत नसे. माझ्या दारातली रद्दी, महापालिकेने खणून ठेवलेला रस्ता, दुसऱ्या मजल्यावरच्या पोराचं रखडलेलं लग्न, सगळ्याचा तिला सारखाच त्रास व्हायचा. पर्समध्ये कायम चिकटपट्टीचं भेंडोळं. कुणाकडे डबा द्यायचा झाला तर झाकणाला चारही बाजूंनी पट्टी, वर नाव आणि बाण काढून 'ही बाजू वर'. तिने दिलेला साखरभात खायला मला आधी सुरी शोधावी लागायची. लिफ्टसाठी ती कधी थांबली नाही. थांबलेला माल आणि थांबलेली बाई दोन्ही खराब होतात असं म्हणत जिना धडाधडा उतरून जायची.

आणि तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गेटपास फाटला की माल गेला." म्हणजे असं, की ट्रक भरून झाला आणि गेटपास फाडून ड्रायव्हरच्या हातात दिला, की माल गेला असं धरायचं. मग तो ट्रक तिथेच फाटकाशी पंक्चर होऊन पडलेला का असेना. त्याला हात लावायचा नाही, त्यातली एक पेटी परत मागायची नाही. दिसायला तो समोर दिसतो, पण तो आता नाशिकच्या वाटेवर आहे. मला तेव्हा ही नुसती ऑफिसातली रीत वाटली होती.

पन्नाशी ओलांडल्यावर विजयाने एमबीए करायचं काढलं. शनिवार-रविवारचं, नोकरदारांसाठी असतं ते. घरात नवरा अशोकराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, गरीब गाय माणूस. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. आणि सासूबाई, माई. माईंना एमबीए म्हणजे काय ते विजयाने नीट बसून समजावलं. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "मग शनिवारी पोळ्या कोण करणार?" प्रश्न चोख होता. उत्तर असं निघालं, की विजयाच करणार, पहाटे उठून. आणि ती करत राहिली. अभ्यासाची पुस्तकं कणकेच्या डब्याला टेकवून वाचायची. तिच्या मार्केटिंगच्या पुस्तकाला अजूनही कणकेचे ठसे आहेत, मी पाहिलेत.

मग कॉलेजने एक्स्चेंजसाठी तिची निवड केली. फिनलंडमधलं एक विद्यापीठ. एक सत्र तिकडे राहून व्यवसाय व्यवस्थापन शिकायचं, तिकडचे गुण इकडच्या पदवीत धरले जाणार, आणि तिच्या बदली तिकडचा एक मुलगा पुण्याला येणार. बाकी अर्ज करणारी सगळी पंचविशीतली पोरं होती. कंपनीने रजा मंजूर केली. त्या संध्याकाळी विजया माझ्याकडे आली आणि खुर्चीत बसली. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाली, "टीचर, मी कधी एकटी राहिलेच नाहीये. माहेरून सासरी आले. मधे फक्त एक मांडव होता."

आमची सोसायटी सत्काराला नेहमीच हपापलेली. महिला दिनाचा कार्यक्रम तोंडावर होता. सेक्रेटरींनी विजयाला शाल, श्रीफळ आणि एक भलं मोठं स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर 'परदेशी शिक्षण घेऊन आल्याबद्दल' असं कोरलेलं. कुणीतरी हळूच म्हणालं, अहो, त्या अजून गेल्या कुठेत? सेक्रेटरी म्हणाले, जाताना एक आणि आल्यावर एक असे दोन खर्च सोसायटीला परवडायचे नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माईंनीही वाजवल्या, पण हात मांडीवर ठेवून.

पंधरा दिवसांत सगळं जग बंद झालं. विमानं बंद, ऑफिसं बंद, माझ्या शिकवण्या बंद. विजयाच्या बॅगा भरून तयार होत्या. लोकरीचे मोजे, मेतकूट, गोडा मसाला, सगळं पट्ट्या मारून बांधलेलं. ते तसंच पलंगाखाली पडून राहिलं, आणि पडून असलेल्या मालाबद्दल विजयाचं काय मत होतं ते मी सांगितलंच आहे. पावसाळा सरता सरता तिकडून कळवण्यात आलं की सत्र होईल, मात्र सगळ्यांनी आपापल्या घरून संगणकावर हजर राहावं. अशोकरावांना फार आनंद झाला. ते म्हणाले, "बघ, घरबसल्या युरोप."

पहिल्या दिवशी विजया जेवणाच्या टेबलावर कॅमेरा लावून बसली. साडी नवी, केसांना तेल नाही. मी मुद्दाम बघायला गेले होते. तिकडचे प्रमुख स्वागताचं बोलत होते आणि सतरा देशांतली पोरं चौकोनाचौकोनात बसून ऐकत होती. एवढ्यात विजयाच्या मागून अशोकराव बनियनवर आले आणि चहाचं गाळणं कुठे आहे म्हणून विचारू लागले. ते विचारून जातात न जातात तोच माईंनी मेथीची जुडी तिच्या पुढ्यात ठेवली. नुसती बसलीच आहेस तर, असं म्हणाल्या. विजयाने मेथी निवडायला घेतली. पुरवठा साखळीवरचं अख्खं भाषण तिने मेथी निवडत ऐकलं. मधे कुकरची शिट्टी झाली तेव्हा प्रमुख बोलायचे थांबले आणि आग वगैरे लागली आहे का म्हणून त्यांनी आपुलकीने चौकशी केली.

आठवडाभर हे असंच चाललं. एका गटात बोलायची पाळी आली तेव्हा विजया भाजीला फोडणी देत होती. तिचा पहिला निबंध काठावर पास झाला. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर विजया पलंगाखालून बॅगा ओढत होती. अशोकरावांनी विचारलं, "हे काय काढलंस?"

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"तिकडे. सत्कार झालाय माझा. रजा मंजूर आहे. गेटपास कधीचा फाटलाय, मीच इथे चुकून पडून राहिले होते."

समोरचा फ्लॅट तांबव्यांचाच होता. हिंजवडीत काम करणारी भाडेकरू पोरं टाळेबंदीत आपापल्या गावी निघून गेली होती आणि फ्लॅट रिकामाच होता. तिथे जाऊन बसते म्हणाली असती तर गोष्ट साधी होती. पण समोर जाऊन बसलेल्या बाईला कुणीही हाक मारतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला ती जिन्यात म्हणाली, "टीचर, शेजारी गेलेली बाई पोळ्या करायला परत येते. परदेशी गेलेली येत नाही." गणिताची बाई आहे मी. सिद्धता बरोबर असली की मान्य करावी लागते.

त्यामुळे ती रीतसर गेली. अशोकरावांनी गाडी काढली. बॅगा जिन्याने खाली नेल्या, डिकीत घातल्या. सोसायटीतल्या बायका गॅलऱ्यांतून हात हलवत होत्या, तोंडाला रुमाल बांधून. गाडी विमानतळाच्या रस्त्यापर्यंत गेली, वळली आणि परत आली. अशोकरावांनी मला नंतर सांगितलं, की येरवड्याच्या सिग्नलला विजयाला रडू आलं आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, पोचलीस की फोन कर. परत आल्यावर सवयीने त्यांनी बॅगा डावीकडे नेल्या. ती उजव्या दारात किल्ली घेऊन उभी होती. म्हणाली, अहो, इकडे. बॅगा आत गेल्या, दार लागलं. थोड्या वेळाने तांबव्यांच्या घरातला फोन वाजला. मला भिंतीतून दोन्ही बाजूंचं ऐकू येत होतं.

"पोचले," विजया म्हणाली.

"प्रवास कसा झाला?" अशोकरावांनी विचारलं. एवढं मात्र खरं, की माणूस मनाने चांगला.

त्यानंतर आमच्या मजल्याचे नियम बदलले. तिकडचं घड्याळ आपल्या मागे, म्हणून सकाळी दूध यायचं तेव्हा विजयाच्या दाराशी शुकशुकाट. जन्मभर पाचला उठणारी बाई पहिल्यांदा ऊन वर येईपर्यंत झोपायला लागली आणि त्यात तिला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं, कारण तिच्या हिशेबाने ती पाचलाच उठत होती. पुढे हिवाळ्यासाठी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, तेव्हा हिनेही घेतलं. तशी सूचना आम्हाला फोनवर दिली. अख्ख्या कोथरूडमध्ये घड्याळ मागे घेणारं ते एकच घर असेल.

अशोकराव सुरुवातीला दार वाजवायचे. हळद कुठली घालायची, मिक्सर का फिरत नाही, बँकेचा तो निळा लिफाफा कुठे ठेवला. आतून आवाज यायचा, "व्हिसा आहे का?" मग ते माझ्याकडे यायचे. कुणी नेमलं नसताना मी सीमेवरची अधिकारी झाले. मी त्यांना विचारायचे, भेटीचा उद्देश? ते म्हणायचे, साबुदाणा किती वेळ भिजवतात. मी म्हणायचे, हे तुम्हाला मायदेशातच समजेल, परत जा. गंमत अशी, की त्यांना खरंच समजायला लागलं. आधी नुसता भात, मग पिठलं, मग एक दिवस पोळ्या. पहिल्या पोळ्या मी चाखल्या आहेत. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

फराळाचं पार्सल पाठवायचं ठरलं तेव्हा अशोकरावांनी चकल्यांचा डबा नुसताच तिच्या दाराशी ठेवला. विजयाने तो घेतला नाही. फोन करून म्हणाली, "बांधून, नाव घालून पाठवा. रस्त्यात फुटलं तर?" त्यांनी खोक्यात घालून, पट्ट्या मारून, बाण काढून पाठवलं. मी ते मधे अडवलं. बाहेरच्या देशात जाणाऱ्या खाण्याच्या वस्तूंची तपासणी करावी लागते. निम्म्या चकल्या मी जप्त केल्या, आणि अशोकरावांनी त्यावर काही हरकत घेतली नाही. विकतच्याच होत्या, पण कुरकुरीत.

आता माई. माईंना हे सगळं थोतांड वाटत होतं आणि त्या तसं म्हणायच्याही. व्हिडिओ कॉलवर यायला त्यांनी साफ नकार दिला. हाक मारली तर ऐकू येतंय, फोन कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी आपली खुर्ची दारात आणून टाकली आणि रोज दुपारी मला उद्देशून, पण समोरच्या बंद दाराकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली. आजच्या वरणात मीठच नव्हतं गं टीचर. देव्हाऱ्यातल्या समया काळ्या पडल्या. माझ्या सासूने मला एक दिवस माहेरी पाठवलं नव्हतं, आणि हल्लीच्या बायका बघ. आवाज असा, की खालचा वॉचमन मान वर करून बघायचा. पलीकडून चकार शब्द येत नसे. फिनलंडला कसं ऐकू जाणार? एकदा मी विजयाला विचारलं, की तुला राग नाही का येत. ती म्हणाली, इतक्या लांबून कुणाचा राग येत नाही.

दिवाळीत पहिल्या आंघोळीला माईंनी अशोकरावांकरवी उटणं भिजवून ठेवलं आणि हट्ट धरला, की ती आल्याशिवाय मी तोंडात काही घालणार नाही. शेवटी अशोकरावांनी व्हिडिओ कॉल लावून फोन माईंच्या तोंडासमोर धरला. माईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पण फिरवण्याआधी पदर सारखा केला, ते मी पाहिलं. विजया पडद्यावरून शांतपणे म्हणाली, माई, इकडे दिवाळीची सुट्टी नसते, माझा तास आहे. आणि खरंच होता. उपास दुपारी चिवड्यावर सुटला.

आणि अभ्यास? तो मात्र विजया जीव तोडून करत होती. एका विषयात सगळ्यांना निबंध लिहायला सांगितला, नव्या देशात आल्यावर तुम्हाला काय वेगळं जाणवलं? बाकीच्या पोरांनी लिहिलं, की आम्ही आमच्या घरीच आहोत, आम्हाला काय जाणवणार. विजयाने पानंच्या पानं लिहिली. मला तिने ती मराठीत वाचून दाखवली, ती तिच्या उंबऱ्याच्या आत, मी बाहेर पायपुसण्यावर. इथली माणसं दार वाजवल्याशिवाय आत येत नाहीत. इथे भात एका माणसाचा लागतो, पहिला आठवडा माझा रोज उरत होता. इथे संध्याकाळी 'आज काय केलंयस' असं कुणी विचारत नाही. पहिल्या दिवशी तर मीच मोठ्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून घाबरले. इथली शांतता आधी अंगावर येते, मग आवडते, आणि ती आवडतेय याचीच लाज वाटते. मी उगाच चष्मा पुसला.

तिकडच्या प्राध्यापक बाईंनी उत्तर पाठवलं, की आमच्या देशात नव्याने आलेल्या माणसाचं इतकं अचूक वर्णन मी आजवर वाचलं नव्हतं, मंगळवारी माझ्या खोलीवर कॉफीला या. त्यांची समजूत झाली होती की ही खरोखरच त्यांच्या गावात येऊन राहिली आहे. विजयाने खरं काय ते कळवलं. पुढच्या तासाला त्या बाईंनी तिला कॅमेरा फिरवून सगळ्या वर्गाला फ्लॅट दाखवायला लावला. खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची टाकी दिसली, टाकीवर एक घार बसलेली दिसली, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे विजयाच्या बदली जो मुलगा पुण्याला यायचा होता, तोही तिथे आपल्या आईबापांकडे अडकून पडला होता. त्याने हे पाहून वडिलांच्या बागेतल्या लाकडी खोपटाला पुणे ठरवलं आणि गादी घेऊन तिकडे राहायला गेला. विजया त्याला खिचडी शिकवायची. पुण्यात कसं राहायचं हेही शिकवायची. कुणी पत्ता विचारला तर सांगायचा, पण आधी थोडं वैतागायचं. एकदा त्याच्या आईने खोपटात डोकावून जेवायला बोलावलं, तर म्हणे त्याने तिला यायच्या आधी फोन करायला काय होतं असं सुनावलं. विजयाला वाटलं, पोरगा तयार झाला.

हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण एकदा संध्याकाळी मी तिला म्हटलं, की विजया, आता पुरे झालं, लोकांना कळलंय तुझं म्हणणं. तेव्हा ती हसली नाही. शेवटचं सादरीकरण राहिलं होतं आणि सगळं त्याच्यावर होतं. पहिल्या आठवड्यात मेथी निवडत घालवलेले गुण भरून काढायचे होते.

"टीचर, पास झाले तर मी जाऊन आले," ती म्हणाली. "नापास झाले तर मी म्हातारपणी नवऱ्याशी भांडून शेजारच्या फ्लॅटमध्ये राहिले. दोन्हींत तेवढाच फरक आहे. लोक तर सोडाच, मलासुद्धा तोच फरक आहे."



सादरीकरण डिसेंबरात, दुपारी. अशोकराव कात्रजला भावाकडे गेले होते. मी दहावीच्या पोरांना मोबाइलवरून प्रमेय शिकवत होते, तेवढ्यात माईंचा फोन आला. फोन म्हणजे नवलच. भिंतीला भिंत, आणि या बाईने तीन महिने अख्खा जिना डोक्यावर घेतलेला. आवाज अगदी बारीक, कुजबुजता. "टीचर, जरा येतेस का? पाय न वाजवता ये. दार लोटलेलंच आहे."

गेले तर माई बैठकीत फोनशेजारी जमिनीवर बसलेल्या. मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. घोटा टम्म सुजला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. तशा सरपटत त्या फोनपर्यंत आल्या होत्या आणि फरशीवर त्याचा ओला माग उमटला होता. मी म्हटलं, थांबा, विजयाला बोलावते, आणि वळले. तर माईंनी माझ्या साडीचा काठ धरला. त्या वयात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"तिला नको सांगूस. तिची परीक्षा आहे."

"अहो माई, समोरच तर आहे ती," मी म्हटलं. हे वाक्य मी म्हणावं आणि माईंनी ऐकावं!

माई माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाल्या, "इतक्या लांबून ती येणार कशी?"

मी मागे फिरले. बर्फ आणला, फडक्यात बांधून घोट्यावर धरला. माईंना उचलून खुर्चीत बसवलं. कण्हायचं झालं की त्या पदराचा बोळा तोंडात धरत होत्या, आवाज तिकडे जाऊ नये म्हणून. डॉक्टरांना मी गॅलरीत जाऊन फोन केला. हाड मोडलेलं नसावं, थोड्या वेळाने येतो, असं ते म्हणाले. आम्ही दोघी वाट बघत बसलो. समोरच्या बंद दाराआडून विजयाचं इंग्रजी ऐकू येत होतं. मोठ्याने, ठासून, एकेक शब्द तोडून. मला वाटतं, ट्रक भरून घेताना ती याच आवाजात बोलत असेल.

माई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, काय सांगतेय गं? मी कान देऊन सांगितलं, दह्याबद्दल आहे. कारखान्यातून निघालेलं दही लांबच्या गावांत न बिघडता कसं पोचवायचं, त्याची योजना मांडतेय.

"दह्याबद्दल?" माईंनी कपाळाला हात लावला. "दही तर ती इथेही लावत होती."

पण त्या ऐकत राहिल्या. मधे कुणीतरी काहीतरी प्रश्न विचारला असावा, कारण विजयाचा आवाज थांबला. माईंनी माझा हात घट्ट धरला. मग पलीकडून उत्तर सुरू झालं, पहिल्याहून मोठ्या आवाजात, आणि माईंनी हात सोडला. शेवटी पलीकडे टाळ्यांचा बारीकसा आवाज आला. माईंनीही वाजवल्या. या वेळी हात वर होते, पण आवाज होऊ नये म्हणून तळवे एकमेकांना टेकत नव्हते.

घोटा मुरगळलेला होता, मोडला नव्हता. रात्री विजयाने फोन करून अशोकरावांना सादरीकरण चांगलं झालं म्हणून सांगितलं. इकडे सगळं ठीक आहे ना असंही विचारलं. माईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ते म्हणाले, सगळं ठीक.

निकाल नाताळच्या आसपास लागला. विजया पास झाली. नुसती पास नाही, त्या प्राध्यापक बाईंनी तिच्या दह्याची पाठ थोपटली. विजयाने फोनवर सांगितलं की रविवारी परत येतेय, घ्यायला या. रविवारी ती बॅगा घेऊन जिन्याने खाली उतरली, अशोकरावांच्या गाडीत बसली, गाडी परत एकदा विमानतळाच्या रस्त्यापर्यंत जाऊन आली. मी दारात उभी होते. खरं तर मला त्या सकाळी फार बरं वाटत नव्हतं. तीन महिने आमच्या मजल्यावर एक परदेश होता, आणि तो आता बंद होणार होता.

लिफ्टचं दार उघडलं. विजया बाहेर आली, अंगात तो लोकरीचा कोट, मागे बॅगा ओढत अशोकराव. घामाने डबडबलेली. ती डावीकडे वळली आणि आपल्या उंबऱ्यात पाऊल टाकणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"थांब. बाहेरच थांब."

माई काठी टेकत दाराशी आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, तो काठीसकट धरलेला. दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. लांबच्या गावाहून माणूस घरी परत आलं की दारात ओवाळून टाकतात, तसा. विजयाने त्यांच्या पायाला बांधलेली पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघायला लागले. तिचा चेहरा क्षणभर असा झाला, की आता ही रडणार. पण ती बॅगेच्या दांडीला धरून जागच्या जागी उभी राहिली, कोटाची सगळी बटणं लावून, एखादी नवी सून थांबते तशी.

माईंनी तिच्यावरून तुकडा ओवाळला, तोंडाने काहीतरी पुटपुटल्या, आणि तो जिन्याकडे टाकला. नेम चुकून तो माझ्या पायपुसण्यावर येऊन पडला. भाकरी अशोकरावांनी केलेली, त्यामुळे पडल्याचा आवाज झाला. मग माईंनी वाकता येत नव्हतं तरी वाकून तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि ओला हात तिच्या डोळ्यांना लावला. तो हात त्यांनी जरा वेळ तिथेच ठेवला.

"तिकडे थंडी होती का गं फार?" माईंनी विचारलं.

विजयाने कोटाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाली, "होती हो, माई. नंतर सवय झाली."

"ये आत," माई म्हणाल्या. "अशोक चहा टाकेल."

दार लागलं. मी पायपुसण्यावरचा तुकडा उचलून गॅलरीत कावळ्यांना ठेवला. आतून विजयाचा आवाज येत होता. ती अशोकरावांना विचारत होती, अहो, गाळणं कुठे असतं?